दिवाकरची बोटं आणि माझा डबा

दिवाकर,

परवा तुझी तेरवी झाली. आलेला प्रत्येक माणूस तुझ्या हाताबद्दलच बोलत होता. काय हात होता त्याचा, असं म्हणत एकेक जण पंगतीला बसत होता. हार घातलेल्या फोटोतसुद्धा तू गिटार धरून आहेस आणि डाव्या हाताची बोटं तारांवर पसरलेली आहेत. फोटो जुना आहे. तुझ्या लेकीनं, जुईनं, तोच निवडला, आणि बरोबरच केलं तिनं. मी एका कडेला मान खाली घालून जेवत होतो. शेवटच्या काळात तुझा तो हात तुझ्या मांडीवर मुडपून पडलेला असायचा, हे तिथल्या बहुतेकांनी पाहिलेलं होतं. तरी कोणी ते बोललं नाही. चांगली माणसं आहेत ती. मला मात्र मुडपलेला हातच जास्त आठवतो आहे, कारण आपलं खरं भांडण त्या हातापाशीच येऊन थांबलं, आणि ते मिटवायच्या आधी तू निघून गेलास.

रविवार कसा काढायचा हे अजून समजलेलं नाही मला.

इतकी वर्षं रविवार म्हणजे तू. बर्डीच्या गल्लीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी कोणाचा तरी गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प उघडून बसलेला असायचो आणि तू येऊन त्या मोडक्या स्टुलावर बसायचास, ते थेट माझं गिऱ्हाईक पळवायलाच. कॉलेजातलं एखादं पोरगं मोबाइलवर कुठलं तरी गाणं लावून दाखवायचं आणि म्हणायचं, काका, मला असाच टोन पाहिजे, कोणतं पेडल घेऊ? मी कपाटातून आवाज बदलणारं, पायानं दाबायचं पेडल काढेपर्यंत तू त्याच्या हातात गिटार दिलेली असायची. ते वाजवायचं. तू डोळे मिटून ऐकायचास, आणि मग अगदी मायेनं त्याला सांगायचास की बाबू, पेडल नको घेऊ, हीच ओळ वर्षभर हळू वाजव, टोन आपोआप येते. पोरगं पेडल न घेता निघून जायचं. मी तुझ्यावर ओरडायचो आणि तू समोरच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगायचास. माझ्याच खात्यावर.

आवाज बोटात असतो, हे तुझं एकच म्हणणं होतं, आणि यंत्रात असतो, हे माझं. तुझे बाबा हातमागावर बसायचे. तू मला सांगायचास, माग तोच, सूत तेच, रंग तोच, पण घडी उघडली की आई बोट लावून सांगायची, हे यांनी विणलं आणि हे शेजारच्यानं. मी म्हणायचो, माग वाकडा असला म्हणजे? तू म्हणायचास, बाबांचा माग वाकडाच होता.

मी माझ्या बाजूनं हरलो नव्हतो, हेही लिहितो. नाहीतर तेरवीच्या लोकांसारखा मीही तुझं नुसतं चांगलंच बोलेन आणि ते तुला आवडायचं नाही. तुला आठवते का, तुझ्या अ‍ॅम्पमधले व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे, मी तुला न सांगता बदलले होते? जुने थकले होते, आवाज कोरडा झाला होता. त्या दिवशी तू जेवण झाल्यावर दुकानात आलास, सहज म्हणून तार छेडलीस आणि दिवे लागेपर्यंत उठला नाहीस. शेवटी मंदावहिनींचा फोन आला की पाहुणे येऊन बसले आहेत. उठताना तू म्हणालास, आज बोटं मोकळी आहेत. मी तुला व्हॉल्व्ह बदलल्याचं सांगितलं. तू चपला घालत म्हणालास, नाही, आज हवाच चांगली आहे. इतका खोटारडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण भिवापूरचा दिवस तुझाच, तो देऊन टाकतो. आपल्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत होता, थंडीचे दिवस, आणि मैदानाच्या कडेला मिरची वाळत घातलेली. गायिकेला प्रत्येक कडव्यात ठसका लागत होता. मी माझा सगळ्यात चांगला अ‍ॅम्प मोठ्या दिमाखात टेम्पोतून नेला होता, बाहेरदेशी बनलेला, पुसून पुसून चकाकवलेला. दुसऱ्याच गाण्यात वीज खालीवर झाली आणि त्यातून धूर निघाला. मी तिथंच मटकन बसलो. तू मात्र माइकवाल्याकडं गेलास आणि गिटारची वायर सरळ त्याच्या भोंग्याला लावून घेतलीस, ज्या भोंग्यावरून सकाळपासून हरवलेल्या पोरांची नावं पुकारून राहिले होते. आणि त्या भोंग्यातून तू निघालास. चिरका, नाकातून बोलल्यासारखा, पण तूच. मी धूर निघालेल्या डब्याजवळ बसून ऐकत होतो आणि मला राग येत होता, की इतकं चांगलं काहून वाजवून राहिला हा. त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही अ‍ॅम्पला तू डबाच म्हणायला लागलास.

मग ती सकाळ आली. ती मी पाहिली नाही, वहिनींनी सांगितली. शिकायला येणारी मुलगी समोर बसली होती आणि तू तिला सूर जुळवून देत होतास. सूर लागेना. तू म्हणालास, तार ढिली झाली. खुंटी पिळलीस. पुन्हा म्हणालास, अजून ढिलीच आहे. तार चांगली होती, तुझं बोट तिला दाबत नव्हतं. तू पिळत राहिलास, तार तुटेपर्यंत. तुटल्यावर तुझ्या गालाला लागलं, रक्त आलं, आणि ते पुसायला तू डावा हात उचलायला गेलास. तो उचलला गेला नाही. तेव्हा तू वहिनींना हाक मारलीस.

लकवा. डाव्या अंगाला. डॉक्टर म्हणाले, वाणी वाचली हे नशीब. तू काठी घेऊन चालायला लागलास, काही महिन्यांनी खांदा आणि कोपर हलायला लागले. बोटं मात्र मिटली ती मिटलीच. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी एकेक बोट उघडायची आणि सोडलं की ते हळूहळू परत मिटायचं. मी समोर बसून ते पाहायचो. आपण क्रिकेटवर बोलायचो, पाण्याच्या टँकरवर बोलायचो. गिटार भिंतीला होती आणि तू तिच्याकडं पाठ करून बसायचास.

एक दिवस तू वहिनींना सांगितलंस की गिटार शरदच्या दुकानात जाऊ दे, घरात नको. मी न्यायला आलो. गिटार खांद्याला लावली, दारापर्यंत गेलो, तेव्हा तू मला थांबवलंस. हे तुझं वाक्य मला पुसता आलं नाही अजून.

"शरद, जिंदगीभर लोकायले सांगत आलो, आवाज बोटात असते. आता बोटंच नाही राहिली. मंग मी कुठं आहे, सांग बरं मले."

इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडत होतो, आवाज बोटात नसतो म्हणून. त्या दारात तू हरून उभा होतास आणि मी जिंकलो होतो. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. गिटार घेऊन जिना उतरलो आणि स्कूटरजवळ बराच वेळ उभा राहिलो.

दुकानात ती गिटार रोज डोळ्यासमोर. पाहता पाहता मला आपल्या लहानपणची हवाईयन गिटार आठवली. लग्नाच्या मांडवात, रेडिओवर, सगळीकडं वाजायची तेव्हा. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातात स्टीलचा दांडा धरून तारांवरून फिरवायचा. बोटांनी तार दाबायचीच नाही. कोपर हललं की पुरे. तू त्या वाद्याला नेहमी नाक मुरडायचास, झोपवून वाजवायचं वाद्य म्हणायचास. तरी मी कामाला लागलो. तारा उंच केल्या. दांडा तुझ्या तळहाताला बांधता यावा म्हणून कोपऱ्यावरच्या चांभाराकडून चामड्याचा पट्टा शिवून घेतला. स्वतः वाजवून पाहिलं. हात सैल सोडला की दांडा तारेवर नीट टेकत नव्हता आणि सूर निघाल्याबरोबर मरत होता. तेव्हा मी एक छोटा अ‍ॅम्प बनवला, व्हॉल्व्हचा, आणि त्याच्याआधी एक पेडल लावलं, सूर धरून ठेवणारं, लांबवणारं. तुला ज्याची आयुष्यभर चीड होती ते सगळं मी तुझ्यासाठी एका लाकडी खोक्यात भरलं.

घेऊन आलो तेव्हा तू पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. म्हणालास, माझ्या गिटारचे हातपाय तोडून आणले. हे खेळणं आहे, घेऊन जा. मी नेलं नाही. भांडलोही नाही. कोपऱ्यात ठेवलं आणि वहिनींनी दिलेला चहा न पिता निघालो. वहिनींनी नंतर त्यावर चादर टाकली.

कितीतरी दिवस काही झालं नाही. मी रविवारी यायचो, चादर तशीच असायची, आपण टँकरवर बोलायचो.

मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. मी एका मिक्सरच्या तुटलेल्या तारेला डाग देत होतो, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडून कोणी बोलेना. नुसती खरखर. चुकून लागला असेल असं वाटून मी बंद करणार, तेवढ्यात तार वाजली.

काय सांगू गा तुला. सूर थरथरत होता, थोडा खालीच लागला होता, मग चढत चढत जागेवर आला. मग काहीच नाही. आणि आता पुढचा येणार नाही असं वाटलं तेव्हा पुढचा आला. मी ओळखलं तुला. माझ्या त्या स्वस्तातल्या मोबाइलच्या मुंगीएवढ्या स्पीकरमधून, तुझी बोटं नसताना. हातातल्या डाग द्यायच्या तापलेल्या कावियानं टेबलाचं लाकूड जळून राहिलं होतं, ते वास आल्यावर समजलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ऐकून राहिले ना?" मी हो म्हणालो. त्या रडत होत्या, मीही.

त्या दिवसापासून दुकान रविवारी दिवसभर बंद आणि मी सकाळपासून सक्करदऱ्याला तुझ्या घरी. तू फार थोडं वाजवायचास. जुनी गाणी, तीही अर्धी. एकदा आईचं भजन वाजवलंस आणि मध्येच थांबून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलास. जुई सुट्टीत आली तेव्हा ती नुसती तुझ्या पायाशी बसून राहायची, मोबाइलही न बघता. जिवंत झालास तू. रागावायला लागलास, वहिनींना भाजीत तिखट कमी म्हणून बोलायला लागलास. त्या मला दारात सोडायला यायच्या तेव्हा हसून ते सांगायच्या.

आणि आपलं भांडण परत सुरू झालं. फक्त बाजू बदलल्या. तू आता डब्याच्या बाजूनं बोलायला लागलास. आलेल्या प्रत्येकाला तू माझं खोकं दाखवायचास आणि सांगायचास, हा शरदचा आवाज आहे, मी नुसता दांडा फिरवतो. मला ते सहन व्हायचं नाही. शेवटच्या रविवारी तू मला म्हणालास, डबा बंद कर, ऐक. मी बंद केला. तू तसंच वाजवलंस. सूर निघाले आणि लगेच मेले, लाकडावर नख मारल्यासारखे. तू हसलास.

"पाहिलं? बोटं नसली की डबा लागते. तूच बरोबर होता."

तू माझ्या बाजूनं बोललास आणि मला राग आला, खरा राग. मी म्हणालो, "असे डबे माह्या दुकानात दिवसभर चालू असते. तिथं काहून कोणी बोलत नाही त्याच्यातून?"

चष्मा काढलास, एका हातानं शर्टाला पुसलास, पुन्हा लावलास. तुझ्याकडं उत्तर होतं, ते मला तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण वहिनी पोहे घेऊन आल्या आणि तू म्हणालास, पुढच्या रविवारी सांगतो. मी म्हणालो, सांग. निघताना मी तुझा पट्टा थोडा सैल केला, कारण मनगटावर वळ उठला होता.

शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला आणि या वेळी तार न वाजता त्याच बोलल्या.

काय सांगणार होतास, दिवाकर? रोज एक नवीन उत्तर तुझ्या आवाजात मला ऐकू येतं आणि एकही खरं वाटत नाही. मी बनवलेली उत्तरं आहेत ती.

माझ्याकडंही एक होतं. फोनवर तुला मी कशावरून ओळखलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू सुराआधी थांबायचास. सगळे जिथं वाजवतात तिथं तू वाजवायचा नाहीस, क्षणभर मागे राहायचास, ऐकणाऱ्याला वाटावं की हा विसरला, आणि मग यायचास. भिवापूरच्या भोंग्यात तू तसाच होतास, लकवा झाल्यावरही तसाच. ती थांबायची जागा तुझ्या बोटांत नव्हती आणि माझ्या डब्यात तर नव्हतीच. मला हे त्या दुपारीच समजलं होतं. सांगितलं असतं तर तुझ्या दारातल्या प्रश्नाचं उत्तर तुला मिळालं असतं, आणि आपलं भांडण संपलं असतं. रविवारी मग आपण काय बोललो असतो? घाई कशाला, असं वाटलं मला. तू आहेस, रविवार आहेत. आता हे तुला पत्रात लिहितो आहे आणि ते पोचवायला पत्ता नाही.

तुझे उपकारही लिहून ठेवतो, कारण तुझ्या तोंडावर ते म्हणायची सोय नव्हती. तू भेटायच्या आधी मी गाणं ऐकतच नव्हतो. कोणी वाजवायला लागलं की कुठला भाग ढिला आहे, कुठं पाणी शिरलं आहे, एवढंच मला ऐकू यायचं. तू त्या स्टुलावर बसून मला ऐकायला शिकवलंस. काल एक पोरगा आला, महागडं पेडल मागत होता. मी त्याला म्हणालो, आधी वाजव. तो वाजवत होता आणि मी डोळे मिटले होते. पेडल विकलं मी त्याला, चांगलं आहे ते. पण घरी नेऊन हळू वाजव म्हणून सांगितलं.

आज तुझ्या घरी गेलो होतो. कोपऱ्यातला तो अ‍ॅम्प वहिनींच्या डोळ्यासमोर नको, असं वाटलं मला. न्यायचाच म्हणून रिक्षा थांबवून ठेवली होती. विचारलं, वहिनी, डबा घेऊन जाऊ काय? त्यांनी पदराला हात पुसले आणि नको म्हणाल्या. मग थोड्या ओशाळून त्यांनी सांगितलं.

"भाऊजी, दिवाबत्ती झाली की मी त्याचं बटण लावते. गिटारले हात नाही लावत. नुसता घुमते तो. पण तेवढं चालू असलं की वाटते, हे सूर जुळवून राहिले, आता वाजवतील."

तो असा हूं करत घुमतो, ही माझ्या कामातली चूक आहे, दिवाकर. आतली एक जोडणी नीट बसलेली नाही. काढून टाकायला अर्धा तासही लागला नसता आणि स्क्रू काढायचा पेचकस माझ्या खिशातच होता. मी बाहेर जाऊन रिक्षा सोडून दिली. आत आलो तेव्हा वहिनींनी देवाजवळ दिवा लावला होता. मग त्यांनी बटण दाबलं, आणि आम्ही दोघं तिथं बसून राहिलो.